काजळीच्या पोटातील उजेड

फळांच्या साली, पाने आणि डिंक यांसारख्या पदार्थांपासून प्रकाश देणारे अतिसूक्ष्म कार्बन-कण तयार करण्याच्या पद्धती गेल्या दोन दशकांत विकसित झाल्या आहेत. या पद्धती कोणत्या, त्यांना पर्यावरणस्नेही केव्हा म्हणावे आणि गावपातळीवर त्यांच्याकडे कोणत्या अपेक्षेने पाहावे, याचा हा परिचय.

विजेचे दिवे घरोघर पोचण्यापूर्वी कंदिलाची काच पुसणे हे तिन्हीसांजेचे नेमाचे काम असे. आदल्या रात्रीची काजळी पुसून काढल्याखेरीज ज्योतीचा उजेड बाहेर पडत नसे. काजळी ही उजेडाची वैरीण, अशीच आपली पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत. तिचा उपयोग काय तो डोळ्यांत घालण्याच्या काजळापुरता, किंवा डिंकात खलून पोथ्या लिहिण्याची काळी शाई करण्यापुरता. या काळ्याकुट्ट पदार्थातूनच निळा, हिरवा, पिवळा प्रकाश देणारे कण वेगळे काढता येतात, ही गोष्ट मात्र एकविसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत विज्ञानालाही ठाऊक नव्हती.

काही काळापूर्वी संत्र्यांच्या पट्ट्यातील एका तालुक्याच्या ठिकाणी शालेय विज्ञान प्रदर्शन पाहण्याचा योग प्रस्तुत लेखकास आला. एका टेबलावर फिकट चहाच्या रंगाच्या द्रवाची एक लहानशी कुपी ठेवली होती. खोलीत अंधार करून नोटा तपासण्याचा जांभळा दिवा तिच्यावर धरताच तो द्रव निळसर तेजाने उजळला. द्रव संत्र्याच्या सालीपासून केला असल्याचे मार्गदर्शक शिक्षकांनी सांगितले, तेव्हा शेजारी उभ्या असलेल्या सरपंचांनी विचारले, "साहेब, सालीत एवढा उजेड असेल, तर आमच्या सालीला भाव काय मिळेल?"

प्रश्न अगदी रास्त होता. परंतु त्याचे उत्तर एका वाक्यात देता येण्यासारखे नव्हते. ते देण्याचा प्रयत्न या लेखात केला आहे.

कण केवढे असतात?

कार्बन हे मूलद्रव्य आपल्या नित्य परिचयाचे आहे. कोळसा, शिसपेन्सिलीतील ग्राफाइट आणि हिरा ही सारी त्याचीच रूपे. अणूंची मांडणी बदलली की गुणधर्म बदलतात. परंतु मांडणीप्रमाणेच आकारमानानेही गुणधर्म बदलतात, हे विज्ञानाला तुलनेने उशिरा उमगले.

ज्या कणांचा येथे विचार करावयाचा आहे, त्यांना 'कार्बन-बिंदू' अशी संज्ञा आहे. त्यांचा व्यास साधारणपणे १० नॅनोमीटरहून कमी असतो. एक नॅनोमीटर म्हणजे एका मीटरचा शंभर कोटीवा भाग. माणसाच्या केसाची जाडी सुमारे ८०,००० नॅनोमीटर धरली, तर ५ नॅनोमीटर व्यासाचे १६,००० कण एका ओळीत मांडावे तेव्हा केसाची रुंदी भरेल. अशा कणाच्या गाभ्यात प्रामुख्याने कार्बनचे अणू असतात. पृष्ठभागावर प्राणवायू, हायड्रोजन आणि पुष्कळदा नायट्रोजन यांचे अणूगट चिकटलेले असतात. या अणूगटांमुळेच हे कण पाण्यात सहज मिसळतात. कोळशाची पूड पाण्यात टाकली तर तळाशी बसते. हे कण मात्र महिनोन्‌महिने पाण्यात तरंगत राहू शकतात.

प्रकाश येतो कोठून?

कार्बन-बिंदू स्वतः जळत नाहीत किंवा तापून लाल होत नाहीत. त्यांच्यावर जंबुपार म्हणजेच अतिनील किरण पडले की, ते त्यांची ऊर्जा शोषून घेतात आणि तिच्यातील काही भाग डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाच्या रूपाने लगेच परत देतात. या आविष्काराला 'प्रतिदीप्ती' असे म्हणतात. सर जॉर्ज स्टोक्स या शास्त्रज्ञाने १८५२ मध्ये त्याचे पद्धतशीर विवेचन केले. हिवतापावरील क्विनीन या औषधाच्या द्रावणाची निळी झाक त्याने अभ्यासली होती. आपल्या चलनी नोटांवरील क्रमांक आणि सुरक्षा-धागा जांभळ्या दिव्याखाली चमकतात, तेही प्रतिदीप्तीमुळेच.

शोषलेल्या प्रकाशापैकी किती प्रकाश परत मिळतो, हा या विषयातील कळीचा प्रश्न आहे. साखर कारखानदारीशी परिचित असलेल्या वाचकांना तो 'उतारा' या शब्दाने चटकन समजेल. शंभर किलो उसापासून दहा-अकरा किलो साखर मिळाली, तर तो दहा-अकरा टक्के उतारा. त्याचप्रमाणे प्रकाशाचे शंभर पुंज शोषून कणांनी दहा पुंज परत दिले, तर त्यांचा प्रकाशाचा उतारा दहा टक्के होय. हा उतारा ठरविताना तुलनेसाठी बहुधा क्विनीन सल्फेटचेच द्रावण वापरतात. त्याचा उतारा सुमारे ५४ टक्के धरला जातो.

कार्बन-बिंदूंच्या प्रकाशाचे नेमके मूळ कोणते, याविषयी शास्त्रज्ञांत अद्याप पूर्ण एकमत नाही. गाभ्यातील कार्बन अणूंच्या जालाला काही श्रेय जाते, पृष्ठभागावरील अणूगटांना काही जाते, तर कणांना चिकटून राहिलेल्या लहान रेणूंनाही काही जाते. शेवटचा मुद्दा फार महत्त्वाचा असून त्याचा विचार पुढे केला आहे.

एका अनपेक्षित शोधाची कहाणी

२००४ मध्ये अमेरिकेतील दक्षिण कॅरोलिना विद्यापीठातील संशोधक वेगळ्याच कामात गुंतले होते. विजेच्या ठिणगीने तयार केलेल्या काजळीतून कार्बनच्या अतिसूक्ष्म नलिका शुद्ध स्वरूपात वेगळ्या काढणे, हा त्यांचा हेतू. विद्युत्‌दाबाखाली मिश्रणातील घटक अलग करीत असता नलिकांच्या जोडीला काही प्रकाशमान पट्टे दिसले. ज्याला मळ समजून बाजूला सारावयाचे, तोच पदार्थ प्रकाश देत होता. २००६ मध्ये क्लेमसन विद्यापीठातील या-पिंग सुन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लेसर किरणांनी ग्राफाइटचे सूक्ष्म कण करून त्यांच्यावर एका बहुवारिकाचा थर दिला. त्यामुळे कणांचे तेज पुष्कळ वाढले. त्यांनीच या कणांना 'कार्बन-बिंदू' हे नाव दिले.

२००७ मध्ये अमेरिकेतीलच पर्ड्यू विद्यापीठात मेणबत्तीची काजळी नायट्रिक आम्लात उकळून असे कण मिळविण्यात आले. त्या काजळीतून निरनिराळ्या रंगांनी चमकणारे कण वेगळे करता आले. कंदिलाच्या काचेवरून आपण जी पुसून टाकीत होतो, तिच्याच जातीची ही काजळी!

या संशोधनाला गती मिळण्याचे आणखी एक कारण होते. प्रकाश देणारे अतिसूक्ष्म कण पूर्वीही ठाऊक होते. 'पुंज-बिंदू' या नावाने ते प्रसिद्ध असून त्यांच्या शोधाबद्दल मौंगी बावेंडी, लुई ब्रुस आणि अलेक्सी एकिमोव्ह यांना २०२३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले. परंतु या पुंज-बिंदूंपैकी अनेक उत्तम प्रकार कॅडमियम या जड धातूच्या संयुगांचे असतात. कॅडमियम विषारी आहे. जपानमध्ये जिंझू नदीच्या काठी खाणींचे सांडपाणी भातशेतीत उतरले, कॅडमियम अन्नावाटे माणसांच्या शरीरात गेले आणि हाडे ठिसूळ करणारा अत्यंत वेदनामय रोग पसरला. १९६८ मध्ये जपान सरकारने त्याचे कारण अधिकृतपणे मान्य केले. युरोपीय संघाने विद्युत उपकरणांतील कॅडमियमवर ०.०१ टक्क्याची मर्यादा घातली आहे. अशा स्थितीत जड धातूविना प्रकाश देणारा कार्बनचा कण हा आशेचा पर्याय ठरला, यात नवल नाही.

फोडण्याची वाट आणि घडविण्याची वाट

कार्बन-बिंदू तयार करण्याच्या पद्धतींचे स्थूलमानाने दोन वर्ग पडतात. पहिल्या वर्गात मोठ्या पदार्थाचे तुकडे करीत लहान कण मिळवितात. खडी फोडण्यासारखाच हा प्रकार. ग्राफाइट, कोळसा किंवा काजळी हा कच्चा माल. आणि लेसर, विजेची ठिणगी किंवा तीव्र आम्ले ही हत्यारे. यांपैकी आम्लांची पद्धत स्वस्त वाटते, पण तिच्यातून वापरलेल्या आम्लाचे सांडपाणी आणि तांबूस विषारी वायू निघतात. कण निर्धोक आणि त्यांची निर्मिती मात्र घातक, अशी ही विसंगती होती.

दुसऱ्या वर्गात लहान रेणू एकमेकांना जोडीत कण घडवितात. पाकापासून खडीसाखर जमते, तसे काहीसे. साखर, लिंबाम्ल म्हणजे सायट्रिक आम्ल, प्रथिने, पिष्ट किंवा डिंक असे पदार्थ पाण्यात तापविले की, त्यांच्या रेणूंतून पाणी निघून जाते. उरलेले भाग परस्परांना जोडले जातात आणि अखेर त्यांचे कार्बनयुक्त कण बनतात. साखर करपली की ती तपकिरी होते, हे प्रत्येक गृहिणीला माहीत आहे. त्याच करपण्याला येथे शिस्त लावलेली असते. पर्यावरणस्नेही म्हणून ज्या पद्धतींचा आज विचार होतो, त्या बहुतांशी या दुसऱ्या वर्गातील आहेत.

दाबपात्राची पद्धत

या पद्धतींत सर्वाधिक प्रचलित म्हणजे बंद दाबपात्रात पाण्यासह तापविण्याची पद्धत. जाड पोलादी आवरण आणि आत टेफ्लॉनचे भांडे अशी त्या पात्राची रचना असते. रस, पाने किंवा सालीचा लगदा पाण्यात मिसळून पात्र घट्ट बंद करतात आणि भट्टीत काही तास ठेवतात. उघड्या भांड्यात पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळते; बंद पात्रात दाब वाढल्याने ते त्याहून कितीतरी अधिक तापते. घरच्या कुकरमध्ये पाणी सुमारे १२० अंशांपर्यंत जाते. प्रयोगशाळेत १८० अंश गाठले म्हणजे आतील दाब वातावरणाच्या सुमारे दहापट होतो. म्हणून हा प्रयोग घरातील भांड्यांत करू पाहणे धोक्याचे आहे, हे येथेच नमूद करणे अगत्याचे आहे.

पात्र थंड झाल्यावर आतील तपकिरी द्रव गाळून घेतात. वेगाने फिरणाऱ्या यंत्रात तो घुसळला की मोठे कण तळाशी बसतात. उरलेला द्रव विशिष्ट पापुद्र्याच्या पिशवीत भरून ती शुद्ध पाण्यात ठेवतात. लहान रेणू पापुद्र्यातून बाहेर जातात व कण आत राहतात. या क्रियेला 'अपोहन' म्हणतात. मूत्रपिंडाच्या रुग्णांचे रक्त शुद्ध करताना हेच तत्त्व वापरले जाते.

या मार्गाने झालेल्या कामात भारतीय संशोधकांचा वाटा लक्षणीय आहे. ओडिशातील रुरकेला येथील राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेच्या संशोधकांनी २०१२ मध्ये संत्र्याचा रस १२० अंशांना तापवून कार्बन-बिंदू मिळविले. त्यांच्या प्रकाशाचा उतारा २६ टक्के भरला. रुरकी येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेत कोथिंबिरीची पाने केवळ पाण्यासह २४० अंशांना चार तास तापवून कण तयार करण्यात आले. ते काम २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. मद्रास विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ मध्ये उसाच्या चिपाडापासून कण तयार केल्याचे प्रसिद्ध केले. चीनमध्ये कलिंगडाची साल, पपनसाची साल, सोयाबीनचे दूध, इतकेच नव्हे तर साधे गवतही या कामी वापरण्यात आले. संत्र्याच्या टाकाऊ सालीवरील काम तैवानमधून २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले.

सूक्ष्मतरंगांची पद्धत आणि अंबरनाथचे काम

दुसरी पद्धत सूक्ष्मतरंगांची. शहरांतील घरांत अन्न गरम करण्यासाठी जी मायक्रोवेव्ह भट्टी असते, तिचेच तत्त्व येथे वापरतात. या भट्टीत उष्णता बाहेरून आत जाण्याची वाट पाहावी लागत नाही; पाण्याचे रेणू थेट ऊर्जा शोषतात. २००९ मध्ये चिनी संशोधकांनी शर्करा आणि एका बहुवारिकाचे द्रावण ५०० वॅटच्या भट्टीत अवघी काही मिनिटे ठेवून प्रकाशमान कण मिळविले. तासांचे काम मिनिटांवर आले.

आपल्या राज्यातही या विषयावर काम झाले आहे. ठाणे जिल्ह्यातील अंबरनाथ येथील एका महाविद्यालयाशी संलग्न संशोधन केंद्रात डॉ. मधुरी शरोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शिंगाड्याच्या सालीच्या अर्कापासून कार्बन-बिंदू तयार केले. हे काम २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. बाहेरून कोणतेही तीव्र रसायन न घालता सुमारे ९० अंश इतक्या कमी तापमानाला हिरव्या प्रकाशाचे कण मिळाले, हा त्याचा विशेष. पुढील वर्षी याच केंद्राने बाभळीच्या कुळातील झाडांच्या डिंकापासून सूक्ष्मतरंगांच्या साहाय्याने कण केले आणि त्यांच्यावर एक प्रतिजैविक औषध बसविले. औषध कोठे पोचले हे कणांच्या प्रकाशाने कळावे, असा त्यामागील विचार. पोथीच्या शाईत काजळी आणि डिंक एकत्र येत असत. या प्रयोगात तर डिंकापासूनच कार्बन घडविला गेला.

'पर्यावरणस्नेही' हे विशेषण तपासून घ्यावे

येथवरचे वर्णन वाचून असे वाटेल की, साल पात्रात घातली की प्रश्न सुटला. परंतु 'नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा' असा प्रकार या क्षेत्रातही घडू शकतो. कच्चा माल झाडाचा आहे एवढ्यावरून पद्धत निर्मळ ठरत नाही. पॉल अनास्तास व जॉन वॉर्नर यांनी १९९८ मध्ये हरित रसायनाची जी बारा तत्त्वे मांडली, त्यांत टाकाऊ पदार्थ मुळातच निर्माण होऊ न देणे, ऊर्जा कमी वापरणे, नूतनीकरणक्षम कच्चा माल घेणे आणि घातक द्रावक टाळणे, या सर्वांचा एकत्रित विचार आहे. त्या दृष्टीने पुढील बाबी तपासून पाहणे आवश्यक ठरते.

पहिली बाब ऊर्जेची. समजा, एका भट्टीने एका प्रयोगात चार युनिट वीज घेतली आणि शुद्धीकरणानंतर हाती ५० मिलिग्रॅम कण आले. म्हणजे एका ग्रॅममागे ८० युनिट वीज खर्च झाली. ती वीज कोळशाची असेल, तर साल वाचवून आपण धूर वाढविला, असा हिशेब होईल. म्हणून कमी तापमान, कमी वेळ आणि एका वेळी अधिक माल, या तीन गोष्टींना महत्त्व आहे.

दुसरी बाब पाण्याची. अपोहनासाठी शुद्ध पाणी लागते आणि ते वारंवार बदलावे लागते. पेलाभर द्रवासाठी कित्येक लिटर ऊर्ध्वपातित पाणी खर्ची पडू शकते. पाणीटंचाईच्या प्रदेशात ही बाब गौण मानता येत नाही.

तिसरी बाब प्रकाशाच्या उताऱ्याची. कलिंगडाच्या सालीपासून मिळालेल्या कणांचा उतारा सुमारे ७ टक्के होता. उलट चीनमधील जीलिन विद्यापीठाने २०१३ मध्ये सायट्रिक आम्ल आणि एका नायट्रोजनयुक्त रसायनापासून केलेल्या कणांचा उतारा ८० टक्क्यांपर्यंत गेला. अन्य सर्व गोष्टी समान असतील, तर तितक्याच उजेडासाठी पहिल्या प्रकारचे कण दुसऱ्याच्या अकरापटीहून अधिक लागतील. तेव्हा तुलना ग्रॅममागे न करता मिळणाऱ्या उजेडामागे करावी, हे उचित. सायट्रिक आम्ल हे प्रयोगशाळेचे रसायन म्हणून परके मानण्याचेही कारण नाही. उसाची मळी किंवा शर्करा यांवर विशिष्ट बुरशी वाढवून ते जगभर तयार केले जाते. म्हणजे त्याचेही मूळ शेतातच आहे.

चौथी बाब सातत्याची. नागपुरी संत्र्याच्या मृग बहाराची साल आणि आंबिया बहाराची साल यांची रासायनिक घडण तंतोतंत सारखी असेल, असे गृहीत धरता येत नाही. जमीन, पाणी, पक्वता आणि फवारणी यांनुसार ती बदलते. कच्चा माल बदलला की कणही बदलतात. औषध किंवा मोजमापाच्या उपकरणासाठी हा बदल चालत नाही.

पाचवी बाब प्रामाणिक पडताळणीची. वनस्पतींच्या रसात मुळातच प्रतिदीप्त रेणू असतात, आणि तापविल्याने नवे लहान प्रतिदीप्त रेणूही तयार होतात. सायट्रिक आम्लाच्या वर उल्लेखिलेल्या पद्धतीतही पुष्कळसा निळा प्रकाश अशा रेणूंचाच असल्याचे नंतरच्या अभ्यासांत दिसून आले. म्हणून द्रव चमकला म्हणजे कण तयार झाले, असा निष्कर्ष काढता येत नाही. काटेकोर अपोहन करून, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहून मगच तो काढावयाचा असतो. प्रदर्शनातील त्या कुपीविषयीही हेच म्हटले पाहिजे. तिच्यातील तेज खरे होते. पण ते कणांचे की रेणूंचे, हे त्या टेबलावर ठरण्यासारखे नव्हते.

उपयोग कोणते?

या कणांचा सर्वाधिक अभ्यासलेला उपयोग पाण्याच्या तपासणीतील आहे. लोहाचे किंवा पाऱ्याचे आयन पाण्यात असले की, काही कार्बन-बिंदूंचा प्रकाश मंदावतो. प्रकाश किती मंदावला यावरून धातूचे प्रमाण काढता येते. पपनसाच्या सालीचे कण पाऱ्यासाठी आणि गवतापासूनचे कण तांब्यासाठी वापरून पाहण्यात आले आहेत. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जल जीवन मिशनमुळे पाण्याची क्षेत्र-चाचणी हा विषय ग्रामपंचायत सदस्यांना परिचित झाला आहे. त्या संचांत रसायनाने पाण्याला येणारा रंग पाहतात. कार्बन-बिंदूंची चाचणी त्याच विचाराची पुढील पायरी ठरू शकते. अर्थात, प्रयोगशाळेतील शुद्ध पाण्यात जमलेली गोष्ट विहिरीच्या क्षारयुक्त, गढूळ पाण्यात तशीच जमेल, हे सिद्ध करावे लागते. एकाच वेळी अनेक धातू कणांचा प्रकाश मंद करतात, ही त्यातील मुख्य अडचण आहे.

याखेरीज पेशींची सूक्ष्म चित्रे घेणे, बनावट दस्तऐवज ओळखण्यासाठी अदृश्य शाई तयार करणे, रंगकामाच्या सांडपाण्यातील रंगद्रव्यांचे विघटन करणे आणि एलईडी दिव्यांतील विरळ मृदा-धातूंना पर्याय शोधणे, या दिशांनीही संशोधन चालू आहे. निळा व हिरवा प्रकाश सहज मिळतो. लाल प्रकाशाचे तेजस्वी कण मिळविणे मात्र कठीण आहे. पेशींवरील चाचण्यांत हे कण सौम्य आढळले असले, तरी पृष्ठभागावरील अणूगट बदलले की परिणामही बदलतो. त्यामुळे सर्व कार्बन-बिंदू निरुपद्रवी आहेत, असे सरसकट म्हणणे योग्य नाही.

सरपंचांच्या प्रश्नाचे उत्तर

आता मूळ प्रश्नाकडे वळू. सालीला भाव मिळेल काय?

प्रयोगशाळेतील एका प्रयोगास काही ग्रॅम साल पुरते. एका संत्रा-प्रक्रिया केंद्राच्या आवारात हंगामात साठणारी साल क्विंटलांनी मोजावी लागते. या दोहोंतील अंतर लक्षात घेतले, तर कार्बन-बिंदूंच्या निर्मितीने सालीचा ढीग संपेल, ही अपेक्षा धरता येत नाही. ज्या वस्तूचे मोल मिलिग्रॅममध्ये आहे, तिला कच्चा मालही थोडाच लागणार. सालीचा ढीग संपविण्याचे मार्ग आजही सुगंधी तेल, पेक्टिन, जैववायू आणि कंपोस्ट हेच आहेत. तेल काढून उरलेल्या चोथ्याचा एक अंश कार्बन-बिंदूंसाठी जावा, हे संभवनीय आहे.

उसाच्या चिपाडाची गोष्टही अशीच. ते टाकाऊ आहे, असे लिहिण्याची प्रथा असली तरी साखर कारखान्याच्या बॉयलरचे ते इंधन आहे आणि अनेक कारखाने त्यावर वीजही निर्माण करतात. ज्या मालाला आधीच उपयोग आहे, त्याला टाकाऊ म्हणून नव्या पद्धतीचे श्रेय वाढविणे बरोबर नव्हे.

म्हणून एखादी व्यक्ती किंवा संस्था गावात येऊन सालीपासून प्रकाशकणांचा कारखाना काढण्याची भाषा करू लागली, तर पंचायत सदस्यांनी चार प्रश्न अवश्य विचारावेत. एका किलो सालीपासून शुद्ध केलेले कण किती ग्रॅम मिळतात? त्यासाठी वीज व पाणी किती लागते? सांडपाणी कोठे जाते? आणि तयार माल कोण, कोणत्या लेखी कराराने घेणार आहे? या चारही प्रश्नांची समाधानकारक उत्तरे मिळाल्याशिवाय ग्रामनिधीचा किंवा बचत गटाचा पैसा त्यात गुंतवू नये.

शिक्षकांसाठी

शाळेत दाबपात्राचा प्रयोग करू नये. प्रतिदीप्तीचे तत्त्व मात्र चिमूटभर हळदीने दाखविता येते. स्वच्छ बाटलीत थोडे स्पिरिट घेऊन त्यात हळद ढवळावी, गाळ खाली बसू द्यावा आणि अंधाऱ्या खोलीत वरच्या निवळ द्रवावर नोटा तपासण्याचा दिवा धरावा. द्रव हिरवट पिवळ्या तेजाने चमकतो. हीच हळद पाण्यात कालवली तर तेज फारच क्षीण दिसते. असे का, हा प्रश्न विद्यार्थ्यांना विचारून त्यांना विचार करू द्यावा. प्रयोगाच्या वेळी जवळपास ज्योत असू नये आणि जांभळ्या दिव्याकडे कोणीही थेट पाहू नये, याची दक्षता घ्यावी. हळदीच्या द्रवात कार्बन-बिंदू नाहीत, तरीही तो चमकतो, हे विद्यार्थ्यांच्या ध्यानात आणून दिले म्हणजे पुराव्याविना निष्कर्ष काढू नये, हा विज्ञानाचा पहिला धडा आपोआप मिळेल.

काजळीतून प्रकाश वेगळा काढण्याची विद्या मानवाने हस्तगत केली, ही निःसंशय मोठी गोष्ट आहे. ती प्रयोगशाळेतून गावाच्या उपयोगास येण्यासाठी उतारा वाढला पाहिजे, वीज-पाण्याचा खर्च घटला पाहिजे आणि प्रत्येक दावा कसोटीस उतरला पाहिजे. त्या दिवशी सरपंचांना एवढेच सांगता आले की, सालीचा भाव आज ठरणार नाही. परंतु गावातील एखादी मुलगी रसायनशास्त्र शिकून उद्या पाण्याची अधिक चांगली चाचणी घडवू शकेल. सरपंचांनी क्षणभर विचार केला आणि म्हटले, "मग त्या मास्तरांच्या प्रयोगशाळेला एक चांगली खोली दिली पाहिजे." सालीच्या भावापेक्षा हे उत्तर गावाच्या अधिक हिताचे आहे, असे वाटते.